मोठा तुकडा आधी

कात्रीबाई हे नाव त्यांना कारखान्यानं दिलं होतं. ते हातामुळे पडलं की तोंडामुळे, यावर तिथं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं कापड मांडलं. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे आणि त्यावर पाठ, बाही, कॉलर, खिसा यांचे पुठ्ठ्याचे फर्मे असे बसवायचे की मधे बोटभर कापड वाया जाऊ नये, हे त्यांचं काम. शाळा तिसरीतच सुटली होती. सही ठसठशीत करत, आकडे वाचत, दुकानांच्या पाट्या वाचत. बारीक अक्षर समोर आलं की चष्मा घरी राहिला म्हणत. पण शंभर शर्टांना किती कापड लागेल ते त्या ताग्याकडे बघून सांगत, आणि मालकाचा शिकलेला मुलगा कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासानं त्याच आकड्यावर येऊन पोचे.

आता त्या घरी होत्या. घर लेकानं घेतलं होतं, बँकेच्या कर्जावर. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, मागच्या बाजूला खाट मावेल एवढी मोकळी जागा, आणि डोक्यावर थोरल्या जाऊबाईंचं बिऱ्हाड. लेक वेल्डर होता. त्याच्या हाताला घराजवळही काम मिळालं असतं, पण त्या पगारात घर चाललं असतं आणि हप्ता राहिला असता. म्हणून तो दोन दिवसांच्या प्रवासावर, जहाजं बांधतात तिथं गोदीत कामाला होता. पगार दीडपट, सुट्टी वर्षातून बारा दिवस. सून दाताच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली होती. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत बघायचं आणि संध्याकाळी घरी येऊन सासूच्या तोंडाशी गाठ, असं ती मैत्रिणींना सांगायची. हे कात्रीबाईंना कळलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं, फक्त तसं त्या दाखवत नव्हत्या.

नात साडेतीन वर्षांची. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

त्या वर्षी लेक सुट्टीवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी त्याच्यासमोर हात जोडल्यासारखी उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही चहा घेणार का?"

सगळे हसले. लेकही हसला, पण हसता हसता त्यानं खिडकीबाहेर बघितलं. या घरात पोरं बापाला अरे-तुरे करत मोठी झालेली. तुम्ही म्हणायचं ते वरच्या मजल्यावर येणाऱ्या पाहुण्यांना. पोरीनं बापाला नेमकं त्या रांगेत बसवलं होतं.

लेक परत गेला त्याच संध्याकाळी कात्रीबाईंनी कपाटातला बँकेचा कागद काढून सुनेपुढे ठेवला आणि हे कधी संपतं ते विचारलं. सुनेनं वाचून सांगितलं, नऊ वर्षं. मग बोटांवर मोजून म्हणाली, भिंगरी तेव्हा साडेबारा वर्षांची असेल.

"तोवर त्याला साहेब म्हणायला लागेल ती," कात्रीबाई म्हणाल्या.

सुनेनं कागदाची घडी पुन्हा पुन्हा घातली. कर्ज फिटल्याशिवाय नवरा परत येत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण नऊ हा आकडा तिनं आजवर कुणाला मोठ्यानं सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घरात काटकसर सुरू झाली. सुरू झाली म्हणजे, कात्रीबाई सुटल्याच. चहाची पावडर चमच्याऐवजी चिमटीनं पडू लागली. स्वयंपाकघरात दिवा असेल तर बाहेरच्या खोलीत अंधार. साबणाच्या वड्यांचे दोन-दोन तुकडे झाले, भिंगरीची बिस्किटं मोजली जाऊ लागली, सुनेची हाताला लावायची क्रीम फडताळाच्या वरच्या फळीवर गेली. दवाखान्यात दिवसातून तीसदा हात धुवून सुनेच्या बोटांना भेगा पडत. सासूबाईंनी तिच्यापुढे खोबरेल तेलाची बाटली सरकवली. सून तेल लावून गेली, तर डॉक्टर म्हणाले, कुणाच्या तरी तळणाचा वास येतोय.

महिना संपल्यावर दोघी हिशेबाला बसल्या. अकराशे चाळीस वाचले होते. त्याच महिन्यात सुनेनं रागाच्या भरात अठराशेच्या चपला आणल्या होत्या, आणि पावसाळी आहेत, उपयोगी पडतात असं ती मान वर न करता सांगत होती. पावसाला अजून पाच महिने अवकाश होता.

एरवी कात्रीबाईंनी त्या चपलांवरून आठवडाभर तरी सुनेला सोलून काढलं असतं. पण त्या गप्प बसल्या, कारण त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. कारखान्यात नवी आलेली एखादी पोर कापड वाचवायचं म्हणून जमिनीवरचे दोरे गोळा करायला लागली की त्याच तिला हसत. दोरे कितीही वेचले तरी त्यातून बाही निघत नाही. कापड वाचतं ते टेबलावर. आधी मोठा तुकडा ठेवायचा, पाठीचा. तो मनासारखा बसला की उरलेल्या जागेत बाह्या, मग कॉलर, मग खिसे. खिसा कुठंही मावतो. आधी खिसे मांडत बसलं की पाठीला जागा उरत नाही आणि नवा तागा फोडावा लागतो. या घरात काय चाललं होतं? महिनाभर खिसेच मांडले जात होते, आणि शेवटी काही उरलं तर बँकेला द्यायचं होतं.

त्यांनी सुनेला विचारलं, घर भाड्याचं असतं आणि मालक दर महिन्याला बारा हजार जास्त मागायला लागला असता तर काय केलं असतंस? सून म्हणाली, दिलेच असते, जाणार कुठे. कात्रीबाई म्हणाल्या, मग असं समज की मालक आलाय, दारात उभा आहे, आणि तो मी आहे.

तेव्हापासून पगार झाला की पहिल्या दिवशी चोवीस हजार सातशे वेगळ्या खात्यात जाऊ लागले. हप्त्याचे बारा हजार सातशे, आणि वर बारा हजार जादा. त्याला हात नाही. जे राहील त्यात महिना.

पहिला महिना बावीस तारखेलाच संपला. पुढचे आठ दिवस भात, अंडी आणि बटाटे, बटाटे, अंडी आणि भात. भिंगरीला ते फार आवडलं. पण त्या आठ दिवसांत दोघींना जे दिसलं ते आधी कधी दिसलं नव्हतं. सून रोज दुपारी दवाखान्याखालच्या हॉटेलात जेवत होती, का, तर सगळ्या जणी जातात. टीव्हीवर सव्वादोनशे चॅनल होते आणि घरात बघितले जात होते तीन, त्यातलं एक कार्टूनचं. उशीर झाला म्हणून भाड्याची गाडी, आणि उशीर का झाला तर गाडीची वाट बघत बसलं म्हणून. फोनवरून मागवलेल्या वस्तूंचे खोके माळ्यावर रचलेले, त्यातला एक तर उघडलाच नव्हता. आत सफरचंदाच्या फोडी करायचं यंत्र निघालं. कात्रीबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि घरातली सुरी मेली होती का, एवढंच विचारलं.

एका गोष्टीवर मात्र सून हटून बसली. शनिवारी दवाखान्यातून सुटल्यावर ती एका मैत्रिणीबरोबर कॉफी प्यायची. ते तिला हवं होतं, आणि हाताची क्रीमही. कात्रीबाई तोंड उघडणार तेवढ्यात सून म्हणाली, "आई, तुम्हीच सांगता ना, शिवणीला जागा सोडावी लागते म्हणून? अगदी रेघेवर कापलं तर घातल्याबरोबर उसवतं. तेवढी सोडा."

आपलंच हत्यार आपल्यावर चालवलं की कात्रीबाईंना राग येई, आणि ते चांगलं चालवलं असलं की राग लवकर जाई. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला महिन्याचे ठरावीक पैसे, शिवणीचे, बिनहिशेबाचे. स्वतःच्या शिवणीच्या पैशांतून कात्रीबाई काय करत ते कुणी विचारायचं नव्हतं. त्या वाण्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्याकडून आल्याच्या वड्या आणत आणि दाराआड उभ्या राहून खात. हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

जादा पैसे बँकेनं कर्जात दर महिन्याला आपोआप वळते करावेत म्हणून एक अर्ज द्यायचा होता. सुनेला सुट्टी नव्हती, लेकाचं सहीचं पत्र आलेलं होतं, कर्जात कात्रीबाईंचंही नाव होतं, तेव्हा त्या एकट्या गेल्या. इस्त्रीची साडी नेसून गेल्या. टेबलावरच्या चष्मेवाल्या पोरानं अर्ज पुढे केला आणि सांगितलं की खाली दोन चौकोन आहेत, काय हवं ते वाचून एकावर खूण करा. तो समजावून सांगायलाही तयार होता. पण मागं रांग होती, रांगेत वरच्या आळीतल्या दोन बायका होत्या, आणि कात्रीबाई म्हणाल्या, "मला काय वाचता येत नाही का?"

अक्षर मुंगीएवढं होतं. कारखान्यातून माल बाहेर पडताना जी चिठ्ठी लागे, तिच्यावरही असे दोन चौकोन असत. वरचा नेहमीप्रमाणे, खालचा काही भानगड असेल तर. एकतीस वर्षं त्यांनी वरच्या चौकोनात खूण केली होती आणि एकदाही माल परत आला नव्हता. त्यांनी वरच्या चौकोनात खूण केली, ठसठशीत सही केली आणि ताठ मानेनं घरी आल्या.

मग घडी बसली. सून डबा नेऊ लागली, आणि तिचा डबा बघून दवाखान्यातल्या आणखी दोघी. चॅनल तीन राहिले. जुन्या चादरींच्या उशांच्या खोळी झाल्या, लेकाच्या जुन्या शर्टांचे भिंगरीचे झगे झाले, आणि ते इतके फर्मास झाले की शेजारणी कुठल्या दुकानातून घेतले ते विचारायच्या. खात्याचं पुस्तक कात्रीबाईंनी कपाटात कुलपात टाकलं. कारखान्यात उरलेल्या कतरणीची पिशवी टेबलाखाली असे. माल संपेपर्यंत ती उघडायची नाही असा त्यांचा नियम होता, कारण आत बघितलं की हात जातो. खात्यालाही तोच नियम.

थोरल्या जाऊबाईंना हे सगळं वरून दिसत होतं. त्यांच्याकडे नवा सोफा आला होता, हप्त्यावर, आणि त्याच्याशी जुळतील असे पडदे, तेही हप्त्यावर. जिन्यात भेटल्या की त्या भिंगरीच्या गालाला हात लावून म्हणत, किती वाळली गं पोर. भिंगरी वाळली नव्हती, लांब झाली होती. एकदा त्यांनी चार बायकांत विचारलं की, तुमच्याकडे म्हणे मिठालाही कुलूप असतं? कात्रीबाईंनी सांगितलं की कुलूप मिठाला नाही, तोंडाला असतं, हवं असेल तर एक जास्तीचं आहे, वर पाठवून देते.

लेक फोनवरून म्हणायचा, आई, माझ्यापायी पोटाला चिमटे घेऊ नका. कात्रीबाई म्हणायच्या, तू तुझे पत्रे जोड, इथलं मी बघते.

सोळा महिने गेले. एक दिवस बँकेचं पाकीट आलं. सून जेवणाच्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचत होती. वाचून झालं, तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसली. हप्ता बारा हजार सातशेवरून दहा हजारांच्या आसपास उतरला होता. आणि शेवटच्या हप्त्याचा महिना तोच होता. जो पहिल्या दिवशी होता तोच. अजून ब्याण्णव महिने.

सुनेचा चेहरा बघवत नव्हता. तिनं बँकेला शिव्या घातल्या, दवाखान्यात बसून शिकलेल्या आणि न शिकलेल्याही. सोळा महिने डबा नेला, सोळा महिने चालत गेले, आणि यांनी नुसता हप्ता कमी केला, त्या चष्मेवाल्याला उद्या मी दाखवते, असं ती बोलत राहिली. कात्रीबाई गॅसपाशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे दोन चौकोन होते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. सांगायला किती वेळा तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी बोलून मिटलं. सुनेसमोर आजवर त्या कधी चुकल्या नव्हत्या. म्हणजे चुकल्या होत्या, पण तसं कधी म्हटलं नव्हतं. बँकेच्या रस्त्यानं जाताना त्यांनी मनातल्या मनात सगळं जुळवून पाहिलं. पोरानं नीट सांगितलं नाही म्हणता येईल. घाई होती म्हणता येईल. सून तर भांडायला निघालीच होती, तिला नुसतं भांडू द्यायचं, बस.

बँकेत गर्दी होती. सुनेनं कागद टेबलावर आपटला आणि तोफ सुरू केली. चष्मेवाला बिचारा मुकाट उठला, आतून फाइल घेऊन आला आणि त्यानं तो अर्ज सुनेसमोर उघडून धरला. वरच्या चौकोनापुढे लिहिलं होतं, हप्ता कमी करा, मुदत तीच. खालच्या चौकोनापुढे, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. खूण वरच्या चौकोनात होती. खाली ओढलेली तिरकी रेघ आणि टोकाला गळासारखं वळण, कापडावर खडूनं करतात तशी.

ती खूण सुनेनं घरात शंभरदा पाहिली होती. भिंगरीच्या झग्यांवर, उशीच्या खोळींवर. तिनं अर्जाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं नाही. मग ती पोराला म्हणाली की तुम्ही लोकांना नीट समजावून सांगत नाही, वयस्कर माणसांना एवढं बारीक अक्षर कसं दिसणार. आवाजातली आग गेली होती. ती सासूवर पांघरूण घालत होती, आणि तेही चार लोकांत.

हे मात्र कात्रीबाईंना सोसलं नाही. सुनेनं आपल्याला आडोसा द्यायचा आणि आपण त्यामागे उभं राहायचं, एवढे वाईट दिवस अजून आले नव्हते.

"त्याला कशाला बोलतेस?" त्या म्हणाल्या. "तो सांगत होता, मीच सांगू दिलं नाही. खूण माझी आहे. मला ते वाचता आलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. माझी चूक."

रांगेत कुणीतरी खोकलं. सून हातातल्या पिशवीचा बंद पिळत राहिली. कात्रीबाईंनी खुर्ची ओढली, चष्मेवाल्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता वाच. पहिल्या ओळीपासून. हळू वाच, मी मधे मधे विचारीन. आणि रांगेतल्यांना घाई असेल तर त्यांनी दुसऱ्या टेबलाशी जावं."

तो वाचत गेला आणि त्या विचारत गेल्या. दर महिन्याला बारा हजार गेले ते गेले कुठे? मुद्दलात गेले, आजी. सगळे? सगळे. मग मुद्दल किती उरलं? त्यानं आकडा सांगितला. तो नऊ लाखांवरून सव्वासहा लाखांवर आला होता. कात्रीबाईंनी तो आकडा त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला. आणि हप्ता थोडा थोडा कमी होत गेला, ते दर महिन्याचे जास्तीचे कुठे गेले? त्यानं पडद्यावर पाहिलं आणि भुवया वर केल्या. कुठेच नाही, म्हणाला, तुमच्या खात्यातच पडून आहेत. तुम्ही पूर्वीइतकेच भरत राहिलात आणि कधी काढले नाहीत. वीस हजार चारशे.

सुनेनं झटकन वर पाहिलं.

कात्रीबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पैसे आज मुद्दलात टाक, म्हणाल्या, आणि खालच्या चौकोनावर खूण करायचा अर्ज दे. आधी मला सांग, जुना हप्ता आणि वर बारा हजार असंच चालू ठेवलं तर किती महिने? पोरानं यंत्रावर बोटं चालवली. थांबला, पुसलं, पुन्हा चालवली.

"अठ्ठावीस," तो म्हणाला.

"ब्याण्णवचे?"

"हो आजी. ब्याण्णवचे अठ्ठावीस."

सुनेला हसू फुटलं. साधं हसू नव्हतं ते. तिनं तोंडावर हात धरला तरी ते बोटांमधून येत होतं, आणि डोळ्यांतून पाणी. रांगेतली एक बाई कुणाला काय झालं म्हणून विचारू लागली. कात्रीबाईंनी खालच्या चौकोनात खूण केली, त्यापुढची ओळ सुनेकडून वाचून घेतली, मग सही केली. बाहेर आल्यावर सुनेनं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात दोघींनी कॉफी घेतली, शनिवार नसताना. पैसे कात्रीबाईंनी स्वतःच्या शिवणीतून दिले आणि एवढ्या पैशात घरी आठ कप झाले असते, हेही सांगून टाकलं.

ही गोष्ट लेकाला सुनेनं सांगितली नाही. कात्रीबाईंनीच सांगितली, फोनवर, एका दमात. तो म्हणाला की मी इथं रोज तोंडावर काच लावून आगीत बघतो आई, पण तुझ्यासारखं काम माझ्याच्यानं व्हायचं नाही. कात्रीबाई म्हणाल्या, बरं बरं, फोनचं बिल वाढतंय.

अठ्ठावीस लागले नाहीत. वर्षअखेरीला गोदीत बक्षिसाची रक्कम मिळाली, लेकानं ती न मोडता पाठवली. सुनेला दवाखान्यात वाढ मिळाली, तीही आधी मोठ्या तुकड्याला जोडली गेली. मधे भिंगरी तापानं पडली तेव्हा दोन महिने जादाचे पैसे कमी गेले. कात्रीबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट डॉक्टरकडे भाड्याच्या गाडीनंच न्यायला लावलं. पंचविसाव्या महिन्यात शेवटचे पैसे भरले. बँकेच्या साहेबांनी स्वतःच्या खोलीत बोलावून घराचे कागद हातात दिले आणि मुदतीच्या साडेपाच वर्षं आधी कुणी असं येत नाही, म्हणाले. सून सगळ्या पानांवरून बोट फिरवत होती. चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला होता. त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्यालाही घर घ्यायचं होतं. कात्रीबाईंनी त्याला जवळ बोलावून, घर घ्यायच्या आधी सोफा घेऊ नको, असं बजावलं.

त्याच संध्याकाळी थोरल्या जाऊबाई खाली आल्या. बसल्या, भिंगरीच्या गालाला हात लावला, पण वाळली म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं की सोफ्याचे, पडद्यांचे आणि आता फ्रिजचे असे तीन हप्ते असले तर आधी कुठल्याला हात घालावा. कात्रीबाईंच्या जिभेवर चार-पाच उत्तरं येऊन उभी राहिली, एकाहून एक धारदार. पण आज त्यांच्याजवळ एवढं होतं की ती खर्चायची गरज नव्हती. त्यांनी जाऊबाईंना कागद-पेन्सिल आणायला सांगितली आणि शिकवलं.

लेक तीन आठवड्यांनी आला. पत्र्याची पेटी, तोंडावर लावायची काच, आणि नेहमीच्या पिशवीऐवजी दोन पोती सामान, कारण आता तिथं काही ठेवायचं नव्हतं. जवळच्याच वेल्डिंगच्या दुकानात त्याला काम लागलं. पगार कमी होता. मोठा तुकडाच राहिला नव्हता म्हटल्यावर तो पुरून उरत होता.

पहिल्या रविवारी त्यानं मागच्या मोकळ्या जागेत मशीन लावलं आणि जिन्याचा मोडका कठडा जोडायला घेतला. लोखंडावर हातोडा पडला की सगळी इमारत दणाणत होती. भिंगरी दाराच्या आत उभी राहून तिथूनच बापाला हुकूम सोडत होती, इथं जास्त मार, तिथं वाकडं आहे, तुला दिसत नाही का. सून कणीक मळता मळता थांबून ऐकत होती.

वरची खिडकी उघडली. थोरल्या जाऊबाईंचं डोकं बाहेर आलं. रविवारची दुपार आहे, माणसानं झोपायचं की नाही, हे दिवसभर असंच चालणार का, असं त्यांनी विचारलं.

कात्रीबाई खुर्ची घेऊन मुद्दाम उन्हात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"आज दिवसभर चालेल," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळीही चालेल. परवाही. तुम्ही खिडकी लावून घ्या, जाऊबाई, आमच्याकडे आता रोजच आवाज असणार."

खिडकी लागली. खाली हातोडा पुन्हा पडला, आणि कात्रीबाईंनी पाय लांब केले.